शाळेचं सेवा मंडळ: आधी काम ठरवा, पैशाचं मग बघू

जूनमध्ये शाळा उघडली की शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत कामं वाटली जातात. सहल कोणाकडे, स्नेहसंमेलन कोणाकडे, पोषण आहाराच्या नोंदी कोणाकडे. सगळ्यात शेवटी उरतं ते 'सेवा मंडळ', आणि ते बहुधा सगळ्यात नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या नव्या सरांसाठी किंवा मॅडमसाठी आहे. आणि आठवी-नववीतल्या त्या पाच-सात मुलामुलींसाठीही, ज्यांच्या जिवावर मंडळ प्रत्यक्षात चालतं.

बहुतेक मंडळांची सुरुवात 'यंदा किती निधी जमवायचा?' या प्रश्नाने होते, आणि तिथेच घोळ होतो. मग निधीसाठी कार्यक्रम ठरतो, कार्यक्रमासाठी बॅनर छापला जातो, आणि पैसे हातात आल्यावर ते कुणाला द्यायचे याची शोधाशोध सुरू होते. क्रम उलटा हवा. आधी काम, मग त्या कामाला लागणाऱ्या वस्तूंची यादी, मग त्या यादीपुरता पैसा. पुष्कळदा असंही दिसतं की कामाला पैसा जवळजवळ लागतच नाही, दर शनिवारी दोन तास लागतात.

पायरी १ : छत्र कुणाचं?

शाळेत स्काउट-गाइडचं पथक आधीपासून असेल तर वेगळा संसार मांडू नका, त्यातच काम करा. स्काउटमध्ये 'खरी कमाई'ची पद्धत जुनी आहे. मुलांनी हात पसरायचे नाहीत, काहीतरी काम करून किंवा वस्तू बनवून पैसे मिळवायचे. निधीच्या बाबतीत यापेक्षा चांगला नियम मला ठाऊक नाही.

गावात रोटरी क्लब असेल तर 'इंटरॅक्ट'चा पर्याय आहे. १९६२ साली फ्लोरिडातल्या एका हायस्कुलात सुरू झालेला हा उपक्रम १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी आहे. स्थानिक रोटरी क्लब पालकत्व घेतो, आणि वर्षात किमान दोन प्रकल्प करावे लागतात : एक शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा. फायदा असा की डॉक्टर, सी.ए., गाडीवाले असे लोक मदतीला मिळतात. तोटा असा की त्यांना फोटो हवे असतात. त्याबद्दल पुढे बोलू.

शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावी-बारावीसाठी राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ती विद्यापीठांमधून सुरू झाली आणि पुढे बारावीपर्यंतच्या स्तरावर आली. वर्षाला १२० तास असं दोन वर्षांत २४० तास काम, आणि शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. आठवी-नववीला एवढे तास झेपणार नाहीत, पण तासांची नोंद ठेवायची पद्धत उचलण्यासारखी आहे.

यातलं काहीच नसेल तर साधं शाळेचं सेवा मंडळ काढा. पहिल्या वर्षी तेच बरं. गणवेश नाही, वर्गणी नाही, बिल्ले नाहीत.

पायरी २ : मुलं, पालक आणि कागद

परिपाठाला सूचना दिलीत की पहिल्या दिवशी साठ हात वर येतील. सगळ्यांची नावं घ्या, पण पहिली बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवा. तिथे जी येतील ती तुमची मुलं. पंधरा ते वीस पुरे. दहावीच्या मुलांना मानाने सल्लागार करा आणि मोकळं सोडा, नाहीतर सप्टेंबरमध्ये त्यांचे पालक तुमच्या दारात उभे असतील. मंडळाचा कणा आठवी-नववीच.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव ही उतरंड लागत नाही. लागतात तीन माणसं. एक जमाखर्च लिहिणारी, एक नोंदवही ठेवणारी आणि एक निरोप पोचवणारी. जमाखर्चाला वर्गातली हुशार मुलगी किंवा मुलगा नको, चिकट हवा. दहा रुपयांचा मेळ लागला नाही तर ज्याला घरी जेवण गोड लागत नाही, असा.

मुख्याध्यापकांची परवानगी तोंडी घेऊ नका. एका पानाचं पत्र द्या, त्यावर सही-शिक्का घ्या. पालकांचं संमतिपत्र वर्षातून एकदा नव्हे, शाळेबाहेर जाल त्या प्रत्येक वेळी घ्या. त्यात एवढं हवंच : कुठे, किती ते किती, बरोबर कोण, परत कसं यायचं, मुलाला काही आजार किंवा अॅलर्जी आहे का, तातडीचा फोन, आणि फोटो काढलेला चालेल की नाही. मुली असतील तर बरोबर एक शिक्षिका हवीच, मग ठिकाण शाळेच्या मागच्या गल्लीत का असेना.

पायरी ३ : काम शोधायला चालत जा

शाळेपासून चालत जाता येईल एवढाच टापू घ्या. गाडी करावी लागली की खर्च आला, आणि खर्च आला की ते काम वर्षातून एकदाच होतं. मुलांना दोघा-दोघांच्या जोड्यांत बोलायला पाठवा : अंगणवाडीच्या ताई, आशाताई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल, पोस्टमन, आणि शाळेचे शिपाईमामा. गावात कुणाचं काय अडलंय हे यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. विचारायचं एवढंच : तुमच्याकडे कोणतं काम माणसांअभावी पडून आहे? आम्ही आलो तर तुमचा त्रास वाढेल की कमी होईल? कोणत्या दिवशी येऊ?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. वृद्धाश्रमाचंच बघा. १५ ऑगस्टला, दिवाळीला आणि वाढदिवसांना तिथे फळं, बिस्किटं, फरसाण यांचा नुसता पाऊस असतो. मधुमेह असलेल्या आजींपुढे दिवसात तिसऱ्यांदा लाडू येतो. फेब्रुवारीत मात्र तिथे कुणी फिरकत नाही. फोन करून विचारलंत तर व्यवस्थापक सांगतात : मोठ्यांचे डायपर, फिनेल, अंगाचा साबण, गरम पाण्याच्या पिशव्या. आणि माणूस. पेपर वाचून दाखवायला, पत्ते खेळायला, नातवाला व्हिडिओ कॉल लावून द्यायला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आणि तिथे नववीतला पोरगा खरंच कामाला येतो. फक्त एक कुंपण घाला : मुलांनी फोन कसा धरायचा ते दाखवायचं, पण ओटीपी, पिन किंवा बँकेचं अॅप यांना हात लावायचा नाही. तिथे जबाबदार मोठं माणूस हवं.

जुन्या पाठ्यपुस्तकांचंही तसंच. हा उपक्रम दर वर्षी दर शाळेत होतो आणि निम्मी पुस्तकं कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. त्यांना तुमची जुनी पुस्तकं कशाला हवीत? गरज असते ती नववीपासून पुढे. तेव्हा नववी ते बारावीचीच पुस्तकं गोळा करा, आणि त्यातही अभ्यासक्रम बदललेल्या विषयांची आधीच बाजूला काढा. त्यांच्या बरोबरीने कंपासपेट्या, अर्धवट वापरलेले आलेखाचे कागद, शब्दकोश आणि नकाशासंग्रह मागा. ते जुने होत नाहीत.

एवढी चौकशी झाली की एक नियमित काम निवडा, महिन्यातून दोनदा होणारं. आणि दोन प्रासंगिक. त्याहून जास्त पहिल्या वर्षी नकोत.

पायरी ४ : मुलांना शोभणारी कामं

मला विचाराल तर हायस्कूलच्या मुलांनी करण्याजोगं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे लेखनिक होणं. दृष्टिहीन विद्यार्थी परीक्षेत उत्तरं तोंडी सांगतो आणि लेखनिक ती लिहितो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीच्या परीक्षार्थीला नववीतलं मूल. मोठी माणसं कितीही सेवाभावी असली तरी हे काम त्यांना करता येत नाही, ते तुमच्या मुलांनीच करायचं. आणि लेखनिक मिळत नाही म्हणून जानेवारीत रडकुंडीला आलेले पालक दर जिल्ह्यात असतात.

याची तयारी सप्टेंबरात सुरू करा. जवळची अंधशाळा, किंवा ज्या शाळेत दृष्टिहीन मुलं इतरांबरोबर शिकतात ती शाळा गाठा. लेखनिकाची नोंद परीक्षार्थीच्या शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे होते. त्यांना तुमच्या मुलांची माहिती आणि ओळखपत्र वेळेत लागतं. प्रत्येक परीक्षार्थीमागे एक राखीव लेखनिकही ठेवा, कारण कांजिण्या परीक्षेचं वेळापत्रक बघून येत नाहीत.

सराव कसा घ्यायचा? दोघांना एका टेबलाशी शेजारी बसवा आणि जुनी प्रश्नपत्रिका द्या. लेखनिकाने प्रश्न आहे तसा वाचायचा, गुणांसकट. 'कोणतेही दोन सोडवा' हे वाक्य गाळलं तर समोरचा बिचारा चारही सोडवत बसतो. उत्तर सांगितलं जाईल तसं लिहायचं. वाक्य चुकीचं वाटलं तरी सुधारायचं नाही, भुवई उंचावून 'नक्की का?' असंही विचारायचं नाही. हे चांगल्या मुलांना फार जड जातं. उत्तर माहीत असताना चुकीचं लिहायला हात वळत नाही. म्हणून सरावात मुद्दाम चुकीची उत्तरं सांगायला लावा. गणितात बोलण्याची पद्धत आधी ठरवून घ्या : 'कंसात एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग'. नाहीतर वर्ग दोनाचा की कंसाचा, यात पाच मिनिटं जातात. परिच्छेद संपला की शेवटची ओळ वाचून दाखवायची, पुढचा धागा त्यावरून सापडतो. अशा परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. लेखनिकाच्या मनगटालाही तेवढा सराव हवा. वर्षभर एकच जोडी राहिली तर फेब्रुवारीपर्यंत त्यांचं असं काही जमतं की बघत राहावं. अर्ध्या वाक्यावर पेन चालू लागतं.

गणपती विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करणं हे दुसरं चांगलं काम. पालिका किंवा ग्रामपंचायत कलश ठेवतेच, पण त्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट सगळं पडतं. मुलांनी कलशापाशी उभं राहायचं आणि फुलं-पत्री, दोरे, प्लास्टिक, थर्माकोल वेगळं करून घ्यायचं. हातमोजे आणि कात्री लागते. दोऱ्यात ओवलेल्या हारांचं खत होत नाही, दोरा कापून काढावाच लागतो. मुलं पाण्याच्या काठापासून लांब, दोरीच्या अलीकडे. पाण्यात उतरायचं काम जीवरक्षकांचं. दीड दिवसाच्या आणि पाचव्या दिवशीच्या विसर्जनाला जा. अनंत चतुर्दशीच्या गर्दीत शाळकरी मुलं नेऊ नका.

वृक्षारोपणाबद्दल थोडं कडू बोलतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव असतो, पन्नास खड्डे, पन्नास रोपं, पाहुण्यांच्या हातात झारी. पुढच्या जूनपर्यंत पाच उरली तरी नशीब. कारण साधं आहे : मे महिन्यात शाळा बंद असते आणि रोपाला पाणी तेव्हाच हवं असतं. सुट्टीतही ज्यांची घरं जवळ आहेत अशी मुलं मोजा. प्रत्येकाला दोन रोपं, तेवढीच लावा. कडुनिंब, करंज, वड, जांभूळ अशी आपल्याकडची झाडं घ्या, आणि कुंपणाची सोय नसेल तर शेळ्या काय खात नाहीत तेही विचारून घ्या.

रक्तदान शिबिर शाळेत घेता येतं, पण रक्तदात्याचं वय किमान १८ लागतं, तेव्हा रक्त पालकांचं आणि माजी विद्यार्थ्यांचं. मुलांनी नावनोंदणी, पाणी, बिस्किटं आणि झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं कुणी उठून पळत नाही ना यावर नजर ठेवायची. तारीख रक्तपेढीला विचारून घ्या. सणासुदीला आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असताना रक्ताचा तुटवडा असतो, आणि शिबिरं नेमकी जयंत्यांच्या दिवशी एकगठ्ठा होतात.

पायरी ५ : निधी, म्हणजे मुख्यतः रद्दी

आता पैसा. तुमच्याकडे यादी आहे : समजा हातमोजे, सराव परीक्षेच्या झेरॉक्स, वृद्धाश्रमाला तीन महिन्यांचं फिनेल आणि साबण. बेरीज सात-आठ हजार होते. एवढ्यासाठी प्रायोजक शोधत फिरू नका. रद्दी गोळा करा.

वेळ महत्त्वाची. घटस्थापनेच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर घरं झाडली जातात, तेव्हाचा रविवार पकडा. पावसाळ्यात अजिबात नको. ओली रद्दी कुणी घेत नाही, घेतलीच तर पाण्याचं वजन कापून घेतो, आणि ठेवलेल्या खोलीत बुरशी धरते ती वेगळी. आठवडाभर आधी मुलांनी आपापल्या सोसायटीत, वाडीत चिठ्ठ्या वाटायच्या : रद्दी कशासाठी, कधी नेणार, आणि सुतळीने बांधून ठेवल्यास उपकार होतील. 'कशासाठी' हे एका ओळीत नेमकं लिहा. 'समाजकार्यासाठी' असं लिहिलंत तर लोक चार जुने पेपर देतील. 'अमुक वृद्धाश्रमाच्या तीन महिन्यांच्या साबण-फिनेलसाठी' असं लिहिलंत तर माळ्यावरची पोती खाली येतात.

भाव आधी ठरवा, तीन रद्दीवाल्यांकडे चौकशी करून. वर्तमानपत्राचा भाव सहसा सगळ्यात वर, वह्या-पुस्तकांचा त्याखाली, पुठ्ठ्याचा आणखी खाली. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात तीन ढीग करा आणि मिसळू देऊ नका, नाहीतर सगळ्याला खालचा भाव लागतो. रद्दीवाले काका यायच्या आधी आपल्या काट्यावर आपण वजन करायचं. लटकवायचा साधा डिजिटल काटा पुरतो. पाच-पाच किलोचे गठ्ठे बांधा, प्रत्येकावर खडूने आकडा लिहा, आणि वहीत बेरीज तयार ठेवा. मग काकांच्या काट्याशी वाद घालावा लागत नाही, वही बघून तेच म्हणतात, 'घ्या, तुमचं वजन धरू.' सहाशे किलो पेपर जमला आणि बारा रुपये भाव मिळाला तर ७,२०० रुपये झाले. यादी तिथेच जवळजवळ पुरी होते.

ढीग लावताना दोन गोष्टी मुलांना शिकवा. एक, प्रत्येक गठ्ठा झटकून बघायचा. लोकांच्या रद्दीत आधारच्या झेरॉक्स, बँकेची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, कधी चक्क विम्याची पॉलिसी निघते. ती मालकाला परत करायची किंवा फाडून टाकायची. कसर लागलेली पुस्तकं वेगळी ठेवायची, नाहीतर ती शाळेच्या ग्रंथालयात शिरते. दोन, वह्यांमधली कोरी पानं फाडून घ्यायची. भिंतीशी बसून चार मुली तासाभरात पानांचा असा ढीग लावतात की त्यातून कच्च्या कामाच्या वह्या शिवता येतात. दाभण आणि जाड दोरा आणा, कार्यानुभवाच्या तासाला शिवून घ्या. त्या वह्या सरावाला लेखनिकच वापरतात.

आनंद मेळावा हा दुसरा मार्ग. भेळ, इडली, ताक, सरबत. मजा येते, आणि शाळेचं वातावरण दोन दिवस तरंगत असतं. पण निधीचा मार्ग म्हणून तो फसवा आहे. भेळेच्या टेबलावर १,८०० रुपये जमले, टाळ्या झाल्या. सामान १,३०० रुपयांचं होतं आणि ते आईने घरून दिलं, हे कुणी मोजलंच नाही. म्हणजे निधी आईने दिला, भेळ फुकट झाली. मेळावा भरवायचाच तर मुलांना सामानाची बिलं जपायला लावा, मुद्दल घरी परत द्या, आणि फक्त नफा मंडळात घ्या. रक्कम निम्म्याहून खाली येईल, पण मुलं हिशेब शिकतील. पाणी उकळून गार केलेलं, बर्फ बाहेरचा नको, चटणी त्याच दिवशीची.

दिवाळीआधी पणत्या रंगवून विकणं, उटण्याच्या पुड्या, वर्तमानपत्राच्या पिशव्या हे चालतं. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून औषधाच्या दुकानांत कागदी पिशव्यांना मागणी असते. दुकानदाराला माप आधी विचारा. मुलांनी हौसेने केलेल्या मोठ्या पिशव्या कुणाला नको असतात.

ग्रामीण भागात पैशाऐवजी धान्य मागून बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'मुष्टिफंड' होता : घराघरातून मूठभर धान्य जमा करायचं आणि त्यावर वसतिगृहातल्या मुलांची सोय करायची. मूठभर ज्वारी द्यायला कुणालाच जड जात नाही, आणि देणाऱ्याच्या तोंडावर उपकाराचा भावही नसतो. फक्त जमलेलं धान्य कोण निवडणार आणि कुठे ठेवणार हे आधी ठरवा, पोरकिडे दोन आठवड्यांत दिसू लागतात.

दोन गोष्टी टाळा. रस्त्यावर, सिग्नलला, बाजारात डबे घेऊन फिरणं नको. लोकांकडून अशी वर्गणी जमवायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तशी. शाळकरी मुलांना वाहनांमध्ये उभं करणं तर त्याहून वाईट. दुसरं, लकी ड्रॉची तिकिटं. शासनाच्या परवानगीशिवाय सोडत काढणं कायद्यात बसत नाही, आणि मिक्सर कुणाला लागला यावरून पालकांत जे सुरू होतं त्याला अंत नसतो. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचं संकलन वेगळं आहे. तो सरकारी निधी, झेंडे आणि पावतीची व्यवस्था त्यांचीच, आणि शाळा त्यात रीतसर भाग घेते.

पायरी ६ : हिशेब फळ्यावर

पैसा आला की त्याच दिवशी कार्यालयात जमा. एक रात्रही मुलाच्या दप्तरात किंवा सरांच्या कपाटात राहता कामा नये. क्रमांक छापलेलं पावती पुस्तक शाळेचं, सही शिक्षकाची आणि जमाखर्च लिहिणाऱ्या मुलाची. क्यूआर कोड लावायचा तर शाळेच्या खात्याचा. शिक्षकाचा स्वतःचा क्यूआर 'तात्पुरता' लावणं सोयीचं असतं, आणि वर्षअखेर तेच अंगाशी येतं. एखादा पालक मोठी देणगी देतो म्हणाला आणि प्राप्तिकराची '८० जी'ची सवलत विचारली, तर संस्थेकडे ती मान्यता आहे का ते कार्यालयात बघा. मान्यता असली तरी २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत धरली जात नाही, तेव्हा चेक मागा.

दर महिन्याला एक पान नोटीस बोर्डावर : जमा, खर्च, शिल्लक, आणि खाली बिलांचे क्रमांक. कुणी वाचत नाही असं वाटतं. शिपाईमामा वाचतात, आणि त्यांच्यामार्फत सगळं गाव वाचतं. पुढच्या वर्षी रद्दी मागायला जाल तेव्हा याचा फरक दिसतो.

पायरी ७ : देताना

शक्यतो वस्तू द्या, यादीप्रमाणे, आणि संस्थेची पावती घ्या. स्टेज नको, हार नको, पुठ्ठ्याचा मोठा चेक नको. बालगृहात गेलात तर फोन खिशातच ठेवा. तिथल्या मुलांची ओळख उघड होईल असा फोटो प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे, आणि 'ग्रुपवरच टाकला होता' ही सबब चालत नाही. रोटरीवाले किंवा पालक प्रतिनिधी फोटोचा आग्रह धरतील. त्यांना रद्दीच्या ढिगासमोर उभं करा. तिथे हवे तेवढे काढा.

वृद्धाश्रमात पहिल्यांदा जाताना मुलांनी गाणी बसवलेली असतात. दोन गाणी पुरे. मग मुलांना जोडीजोडीने पलंगांपाशी सोडा आणि तुम्ही बाहेर जा. पहिली पाच मिनिटं अवघडलेली जातात. मग कुणीतरी आजी विचारतात, 'कुठली गं तू? आडनाव काय?' आणि पुढे तासभर तुमची गरज नसते. निघताना 'पुन्हा येऊ' म्हणायचं तर तारीख सांगूनच, आणि त्या तारखेला जायचंच. आजी-आजोबा कॅलेंडरवर खूण करून ठेवतात.

पायरी ८ : एप्रिलमध्ये

वार्षिक परीक्षा संपली की निकालाच्या आधीच्या आठवड्यात तासभर बसा. नोंदवहीत पुढच्यांसाठी लिहून ठेवा : कोणत्या रद्दीवाल्याने काय भाव दिला, वृद्धाश्रमात कोणाशी बोलायचं आणि दुपारी किती वाजता जाऊ नये (जेवणानंतर सगळे झोपतात), अंधशाळेत कोणत्या महिन्यात फोन करायचा, काटा कुठल्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे, शिल्लक किती. जमाखर्चाची वही मुख्याध्यापकांच्या सहीने बंद करा. आठवीतल्या दोघांना ही वही घरी न्यायला सांगू नका, कार्यालयातच राहू द्या. पण ती कुठल्या फळीवर आहे हे त्यांना दाखवून ठेवा. जूनमध्ये तुमची बदली झालेली असू शकते. आणि मे महिन्यात रोपांना पाणी कोण घालणार, त्याची वारांप्रमाणे यादी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा. तिची एक प्रत शिपाईमामांकडे द्या, नळाची चावी त्यांच्याकडेच असते.